फुटवा

धानाची रोवणी होऊन पंधरा-वीस दिवस झाले की मूळ काडीच्या बाजूने कोंब फुटू लागतात. हे फुटवे. पहिले काही दिवस फुटवा मूळ काडीच्याच जिवावर जगतो. तीन-चार पानं झाली की त्याला स्वतःची मुळं सुटतात आणि तो आपलं अन्न आपण ओढू लागतो. उशिरा आलेले फुटवे मात्र नुसते हिरवे दिसतात, त्यांना लोंबी धरत नाही. पूर्व विदर्भातल्या ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरी, सिंदेवाही या पट्ट्यात हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. टीव्हीवाल्यांना ते दर काही वर्षांनी पैसे घालवून नव्याने शिकावं लागतं.

गाजलेल्या मालिकेच्या बाजूने जी दुसरी मालिका काढतात, तिला इंग्रजीत स्पिन-ऑफ म्हणतात. मराठीत त्याला अजून चपखल शब्द रुळलेला नाही. ‘उपमालिका’ म्हटलं तर सरकारी परिपत्रकाचा वास येतो. म्हणून या प्रकरणापुरता मी फुटवा हाच शब्द वापरणार आहे. दुसरा भाग वेगळा आणि फुटवा वेगळा, एवढं आधी स्पष्ट करतो. झी मराठीवर ‘देवमाणूस’ संपली आणि 2021 च्या डिसेंबरात ‘देवमाणूस 2’ आली, तेव्हा तोच बोगस डॉक्टर पुढची पापं करायला हजर होता. तो दुसरा भाग. फुटव्यात मूळ गोष्ट पुढे जात नाही. तिच्यातलं काहीतरी उचलून दुसरीकडे रोवतात. एखादं पात्र, एखादं कार्यालय, एखादा साचा. गुन्ह्याच्या मालिकांत हा खेळ जास्त चालतो, कारण तिथे गुन्हे दर आठवड्याला बदलतात आणि माणसं तीच राहतात. मग उचलायचं काय, गुन्हे की माणसं?

आपल्याकडची सगळ्यांत दणकट काडी म्हणजे ‘सीआयडी’. 21 जानेवारी 1998 ला सोनीवर सुरू झाली, 27 ऑक्टोबर 2018 ला थांबली. वीस वर्षं, 1547 भाग. 2024 च्या डिसेंबरात ती पुन्हा उभी राहिली. हिंदी मालिका खरी, पण तिची मुळं मराठी मातीत आहेत, हे पुष्कळांना माहीत नसतं. तिचे कर्ते बी. पी. सिंग पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये छायालेखन शिकले आणि मुंबई दूरदर्शनवर कॅमेरामन होते. बातमीचा कॅमेरा घेऊन हिंडताना पोलीस खात्यातल्या माणसांशी त्यांची ऊठबस झाली. दूरदर्शनवर त्यांची ‘एक शून्य शून्य’ ही मराठी मालिका आली होती. नाव पोलिसांच्या तेव्हाच्या फोन नंबरवरून. तीत शिवाजी साटम होते. बँकेत नोकरी करता करता नाटकातून पुढे आलेला, चेहऱ्यावर सदैव थोडी झोपमोड असलेला हा नट पुढे एसीपी प्रद्युमन झाला. म्हणजे ज्या सीआयडीला आपण मूळ काडी धरतो, तिच्या बुडाशीही एक जुनी मराठी काडी आहेच. पण नाव बदललं, भाषा बदलली, वाहिनी बदलली. राहिला तो एक नट आणि सिंगसाहेबांची गुन्ह्याकडे पाहायची नजर. तेवढं पुरलं.

आता ही मालिका गडचिरोलीतल्या कुरखेड्याकडच्या एखाद्या गावात कशी पाहिली जाते ते सांगतो. घरावर फ्री डिशची छत्री. टीव्ही आतल्या खोलीत, पण तोंड छपरीकडे, कारण पाहणारे बाहेर बसतात. संध्याकाळी जुने भाग लागतात. पाचव्या मिनिटाला प्रेत, सातव्याला प्रद्युमन हाताची बोटं हवेत फिरवत ‘कुछ तो गडबड है’ म्हणणार, पोरं त्याच्या आधीच म्हणतात. दया दारापाशी आला की सगळे सरसावून बसतात. एकदा अशाच छपरीत एका बुढीने अर्धा भाग व्हायच्या आत संशयितांतल्या एकाकडे बोट दाखवलं: ‘बेज्या रडते हा. यानंच मारलन.’ शेवटी तोच निघाला. मी विचारलं, आजी, कसं ओळखलं? तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू प्रश्नच चुकला होता. मारलन कोन हे तिच्या लेखी फारसं महत्त्वाचं नव्हतंच. दयाने दार तोडलं का, साळुंखे डॉक्टर आणि प्रद्युमन यांचं भांडण झालं का, फ्रेडीने काय वेडेपणा केला, एवढं पाहून ती उठली आणि भात टाकायला गेली.

हे दृश्य मला सीआयडीचं सगळं मर्म सांगून गेलं. लोक खुनासाठी बसत नव्हते, घरच्या माणसांना भेटायला बसत होते. आदित्य श्रीवास्तवचा अभिजीत, दयानंद शेट्टीचा दया, नरेंद्र गुप्तांचे साळुंखे, दिनेश फडणीसांचा फ्रेडरिक्स. दयानंद शेट्टी तर मुळात थाळीफेकीचा खेळाडू, म्हणून ती लाथ खोटी वाटत नसे. फडणीस 2023 च्या डिसेंबरात गेले तेव्हा सोनीचं तोंड न पाहिलेल्या, फक्त फुकटच्या वाहिनीवर जुने भाग पाहिलेल्या घरांतही हळहळ झाली.

गडचिरोलीत तर ही मालिका म्हणजे निव्वळ कल्पनेचा खेळ. इथे ‘पोलीस’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतं ते हिरव्या गणवेशातलं नक्षलविरोधी सी-60 पथक, 1990 मध्ये जिल्ह्यातल्याच पोरांना घेऊन उभं केलेलं. किंवा वाळूच्या पोत्यांआडचं पोलीस मदत केंद्र. जीन्स-शर्टातले पाच-सहा अधिकारी एका गाडीतून येऊन तासाभरात खुनी धरतात, हे पाहणाऱ्याला मुंबई किती लांब आहे ते कळतं. त्यात एक गंमत आहे. एसीपी, म्हणजे सहायक पोलीस आयुक्त, हे पद आयुक्तालयात असतं: मुंबई, पुणे, नागपूर. चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत पोलीस अधीक्षक असतो आणि त्याच्या हाताखाली उपविभागीय पोलीस अधिकारी. महाराष्ट्राची खरीखुरी सीआयडी राज्य पातळीवरची, तिचं मुख्यालय पुण्यात. आणि साळुंखे डॉक्टर ज्या वेगाने केस, रक्त, नखं तपासून निकाल हातात देतात, त्या वेगाने जिल्ह्यातून नमुना नागपूरच्या प्रयोगशाळेत पोचतसुद्धा नाही. या चुका कुणाला टोचल्या नाहीत. टोचल्या असत्या तर 1547 भाग झाले नसते.

आता फुटवा. 2004 मध्ये सोनीनेच ‘सीआयडी : स्पेशल ब्युरो’ काढली. कल्पना कागदावर झकास होती. ज्या प्रकरणांचा तपास बंद झालाय, फायलींवर धूळ बसलीय, ती पुन्हा उघडायची. मूळ मालिकेत ताजं प्रेत, इथे जुनं. मूळ मालिकेत घाई, इथे सवड. दोन वर्षांत, 2006 पर्यंत, कारभार आटोपला. मूळ मालिका त्यापुढे बारा वर्षं चालली.

का आटोपला? मला विचाराल तर त्यांनी पाटी उचलली आणि माणसं मागे ठेवली. छपरीतल्या बुढीला ‘सीआयडी’ ही तीन अक्षरं नको होती, तिला दया हवा होता. तो शेजारच्याच दुकानात, त्याच वाहिनीवर, दर आठवड्याला दार तोडत असताना ती दुसऱ्या दुकानात कशाला जाईल? दुसरी गोष्ट जास्त खोल आहे. जुनं प्रकरण उकरण्यातली खरी मजा कोणी केलं यात नसते, काळाने काय केलं यात असते. वीस वर्षांपूर्वीचा साक्षीदार आता म्हातारा झालाय, त्याला आठवतं ते खरं की त्याने स्वतःला सांगून सांगून पक्कं केलेलं? खून झालेल्याची बायको दुसऱ्या घरात सुखाने नांदतेय, तिला सत्य हवंय का? हे सगळं करायला सवड लागते, आणि नावात ‘सीआयडी’ आलं की प्रेक्षक दर भागात खुनी मागणारच. फुटव्याला मुळं सुटायची ती इथे. ती सुटली नाहीत.

त्याच 2004 साली मूळ मालिकेने मात्र एक भन्नाट उद्योग केला. लोणावळ्यात एकशे अकरा मिनिटांचा भाग एकही कट न घेता, एका दमात चित्रित केला. 7 नोव्हेंबरला तो दाखवला आणि त्याची विक्रमांच्या पुस्तकात नोंद झाली. कॅमेरा थांबला नाही म्हणजे नट चुकला तरी थांबायचं नाही, दिवा गेला तरी थांबायचं नाही. मुंबईच्या वर्तमानपत्रांनी कौतुक केलं ते योग्यच. पण हे वाचून वडशाच्या नाटकवाल्याला हसू आलं असतं. तो रात्री दहाला सुरू करतो आणि पहाटे संपवतो, आणि कट कशाशी खातात हे त्याला ठाऊक नाही. त्याच्याकडे मी थोड्या वेळाने येतो.

साचा उचलण्याचाही एक प्रकार असतो. सीआयडीचाच ‘कोलकाता ब्युरो’ बंगालीत सोनी आठवर आला. तिथे माणसंही वेगळी, शहरही वेगळं, भाषाही वेगळी. हा फुटवा कमी आणि दुसऱ्या बांधीत, म्हणजे दुसऱ्या शेतात, नेऊन लावलेले पऱ्हे जास्त. साचा उचलून मूळ काडीलाही मागे टाकल्याचं उदाहरण हवं तर अमेरिकेत जावं लागेल. तिथे डिक वुल्फ यांची ‘लॉ अँड ऑर्डर’ 1990 मध्ये सुरू झाली. अर्धा भाग पोलिसांचा तपास, अर्धा भाग न्यायालय, माणसांच्या खासगी आयुष्यात डोकवायचं नाही, हा तिचा कडक नियम. 1999 मध्ये तिच्या बाजूने ‘स्पेशल व्हिक्टिम्स युनिट’ काढली. नावात पुन्हा तेच दोन शब्द, न्यूयॉर्क तेच, पण विषय आवळून घेतला: लैंगिक अत्याचाराचे गुन्हे. आणि नियम मोडला. तपास करणाऱ्या बाईचं, ऑलिव्हिया बेन्सनचं, आयुष्य गोष्टीत आलं. पीडितेचं म्हणणं गुन्हेगाराच्या शोधाइतकंच महत्त्वाचं झालं. 2010 मध्ये वीस हंगामांनंतर मूळ मालिका बंद पडली आणि फुटवा चालूच राहिला. 2022 मध्ये मूळ मालिका परत आली तेव्हा धाकटी तिच्याहून थोरली झालेली होती. इथेही सुरुवातीला उसना होता तो साचाच. पण वेगळेपणा विषयाच्या निवडीत होता आणि तो पहिल्याच वर्षापासून होता.

पात्र उचलण्याचा प्रकार सगळ्यांत अवघड. त्याचं आजवरचं सर्वांत चांगलं काम ‘ब्रेकिंग बॅड’ आणि ‘बेटर कॉल सॉल’ या जोडीत झालं आहे, असं माझं मत आहे. पहिली 2008 ते 2013, दुसरी 2015 ते 2022. पहिलीचे 62 भाग, दुसरीचे 63. न्यू मेक्सिको राज्यातल्या आल्बुकर्की या रखरखीत शहरात दोन्ही घडतात. पहिलीत शाळेत रसायनशास्त्र शिकवणारा मास्तर कर्करोग झाल्यावर अमली पदार्थ बनवू लागतो आणि हळूहळू राक्षस होतो. त्याचे पैसे धुवून देणारा, भडक टाय लावणारा, टीव्हीवर स्वतःची जाहिरात करणारा वकील म्हणजे सॉल गुडमन. तो दुसऱ्या हंगामात येतो, थोडा हशा पिकवायला. त्याच्यावर स्वतंत्र मालिका काढायची म्हणजे आपल्याकडे ‘सिंहासन’ चित्रपटातल्या एखाद्या हुजऱ्यावर सिनेमा काढण्यासारखं.

व्हिन्स गिलिगन आणि पीटर गूल्ड यांनी ते केलं, आणि पहिल्यापेक्षा मागे जाऊन केलं. हा सॉल आधी जिमी मॅकगिल होता, मोठ्या भावाची मर्जी मिळवायला धडपडणारा छोटा वकील. त्याचं पुढे काय होणार हे प्रेक्षकाला आधीच माहीत. तो वाचणार, बिघडणार, पळून जाणार. पहिल्याच दृश्यात तो नाव बदलून ओमाहातल्या एका दुकानात गोड पाव भाजताना दिसतो, काळ्या-पांढऱ्या चित्रात. म्हणजे शेवट हातात ठेवूनच मालिका सुरू होते. मग त्रेसष्ट भाग पाहायचं काय? किम वेक्सलर. जिमीची मैत्रीण, पुढे बायको. ती ‘ब्रेकिंग बॅड’मध्ये कुठेच नाही. एवढ्या एका गैरहजेरीवर सहा हंगाम उभे राहिले. ती मरते? सोडून जाते? तुरुंगात जाते? पहिली मालिका पाहिलेला प्रेक्षक तिच्या प्रत्येक दृश्यात श्वास धरून बसतो, आणि ही भीती मूळ मालिकेत एक ओळही न लिहिता तयार झालेली आहे.

दोघींची तुलना करताना लोक पुरस्कार मोजतात. ‘ब्रेकिंग बॅड’ला सोळा एमी. ‘बेटर कॉल सॉल’ला त्रेपन्न नामांकनं आणि एकही नाही. मला यात परीक्षकांची चूक फारशी वाटत नाही. पहिली मालिका उतारावरून सुटलेल्या ट्रकसारखी आहे, पाहणाऱ्याचा हात आपोआप तोंडावर जातो. दुसरीत एक माणूस वकिलांच्या कंपनीत टपालाची पाकिटं वाटताना किंवा कागदावरच्या पत्त्यातला आकडा बदलताना दिसतो, आणि त्या एका बदललेल्या आकड्याने पुढे एका भावाचं आयुष्य संपतं. असं काम हळूहळू मुरतं. माझं मत विचाराल तर दुसरी थोर आहे, पण पहिली नसती तर तिला कुणी पहिले पाच भागसुद्धा सहन केलं नसतं. फुटवा मूळ काडीचं अन्न खातो तो काळ हाच.

शेवट माहीत असताना रात्रभर बसायचं, हे न्यू मेक्सिकोवाल्यांना 2015 मध्ये सुचलं. झाडीपट्टीत ते शंभरावर वर्षं चाललंय.

झाडीपट्टी म्हणजे वैनगंगेच्या दोन्ही अंगांचा धानाचा आणि जंगलाचा प्रदेश: भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्व भाग. 1982 च्या ऑगस्टपर्यंत गडचिरोली हा वेगळा जिल्हाच नव्हता, सगळा चंद्रपूरच. इथली बोली झाडीबोली. ‘ळ’ तिला नको, ‘ण’ नको, ‘श’ नको. पाणी म्हणजे पानी, डोळा म्हणजे डोरा. दिवाळीला धान कापून झालं की भाऊबिजेपासून गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाची तारीख वेगळी, म्हणजे पाहुण्यांना सगळीकडे जाता यावं. लेकी-जावई येतात, सोयरिकी जुळतात, आणि रात्री काहीतरी व्हायलाच हवं. पूर्वी ते ‘काहीतरी’ म्हणजे दंडार. पुरुषच बायका व्हायचे, गाणं, नाच, सोंग आणि मध्येच एखादा प्रसंग. बाजूला खडी गंमत, डफ-तुणतुण्याची, शाहीर आणि नाच्याची. नाटक हा या काडीचा फुटवा.

त्याने काय उचललं ते पाहा. गोष्टी उचलल्या नाहीत. दंडारीतली पौराणिक सोंगं सोडून देऊन तो सावकार, पाटील, सासू-सून, हुंडा, खून यांच्याकडे गेला. भाषा बदलली, नाटकातली पात्रं बरीचशी शहरी मराठी बोलू लागली. उचलली ती रात्र. अख्खी रात्र, तेच गाव, तेच पाहुणे, मध्येमध्ये गाणं आणि नाच, आणि गंभीर प्रसंगाच्या पाठीला पाठ लावून विनोद. पद्मश्री परशुराम खुणे हे कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे. त्यांना 2023 मध्ये तो सन्मान मिळाला. पाच हजारांवर प्रयोग त्यांच्या नावावर आहेत आणि लोक त्यांना विदर्भाचे दादा कोंडके म्हणतात. त्यांचा विनोद दंडारीतल्या सोंगाड्याच्या घरातला आहे. फुटव्याला अन्न कुठून आलं ते तिथे दिसतं.

एक रात्र जवळून पाहू. कापलेल्या धानाच्या बांधीत कनाती उभ्या आहेत. खाली तणस, त्यावर घरून आणलेली चादर, अंगावर घोंगडी, कारण नोव्हेंबरात इथली थंडी हाडात शिरते. रंगमंचासमोर ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड. नटांच्या डोक्यावर लोंबणारे माइक, त्यामुळे बोलायची वेळ आली की नट दोन पावलं सरकून माइकखाली येतो, मग तो मरणोन्मुख का असेना. बाजूला पडद्याआड प्रॉम्प्टर वही घेऊन बसलेला, तो सगळं नाटक पहाटेपर्यंत वाचतो. पहिल्या रांगेत बसलं तर प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येतं, एकदा त्याचं कुजबुजतं, एकदा नटाचं गर्जणारं. मी पाहिलेल्या एका नाटकात साडेदहाच्या सुमारास खलनायकाने स्वतःच्या भावाला मारलं, सगळ्यांसमोर, सावकाश, हसत. माझ्या शेजारचे काका थर्मासमधून चहा ओतत होते. मी म्हटलं, काका, खुनी तर आत्ताच कळला, आता रात्रभर काय? ते म्हणाले, ‘आपल्याले कळला जी. भावजयीले कुठी कळला?’

सीआयडी कोणी केलं ते झाकून ठेवते, म्हणून शेवटची पाच मिनिटं गेली की भाग संपला. झाडीपट्टीचं नाटक पहिल्या अंकात खून दाखवतं आणि मग सहा तास एकच गोष्ट करतं: ज्याला माहीत नाही त्याला कधी कळणार याची वाट पाहायला लावतं. भावजय खुन्याच्याच पाया पडते तेव्हा बांधीत बायका ओरडतात. खलनायकाला शिव्या पडतात तेवढ्या तो खूष. छपरीतल्या बुढीने माझ्या प्रश्नावर तसं का पाहिलं हे मला त्या रात्री कळलं. ती टीव्हीसमोर बसतानाही बांधीतल्या प्रेक्षकासारखीच बसत होती.

या फुटव्याच्या दमाची एक वेगळी परीक्षाही झाली. पुष्कळ गावांत दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक अशी जोडी होती. बैलजोड्यांच्या शर्यतीला आलेली माणसं रात्रीच्या नाटकाचं तिकीट काढायची. 2014 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती बंद झाल्या, 2021 च्या डिसेंबरात परवानगी मिळाली, 2023 मध्ये ती पक्की झाली. त्या साडेसात वर्षांत पट नव्हते, तरी नाटकं होती. मुळं सुटलेली होती.

आता टीव्ही आणि बांधी यांचं येणंजाणं. हंगामाचं सगळं बुकिंग वडशाला, म्हणजे देसाईगंजला होतं. गोंदिया-बल्लारशा रेल्वेवरचं हे स्टेशन, तिथे नाट्यमंडळांची कार्यालयं ओळीने, आणि भिंतींवर रंगीत हँडबिलं. ती वाचण्यासारखी असतात. स्थानिक नटांच्या फोटोंच्या मध्यभागी मुंबई-पुण्याच्या एखाद्या नटाचा मोठा फोटो, नावापुढे कंसात मालिकेचं नाव आणि ‘फेम’ हा शब्द. म्हणजे नट येतो तो एकटा येत नाही, त्याच्याबरोबर टीव्हीतलं पात्रही येतं. मालिकेत इन्स्पेक्टर असेल तर इथेही त्याला इन्स्पेक्टरच द्यावा लागतो. नाहीतर लोक म्हणणार, फसवलं. हा फुटव्याचाच एक प्रकार म्हणायचा, कुठल्याही वाहिनीने न ठरवलेला. पात्र मालिकेतून उचललं आणि धानाच्या बांधीत लावलं.

काही रुजतात, काही नाही. शहरातल्या नटाला वही पाठ करून यायची सवय, आणि इथे संहिता आदल्या दिवशी हातात पडते. प्रॉम्प्टरचं वाक्य कानाने उचलायचं, डोळ्यांनी समोरच्याशी खेळायचं, पायाने माइक शोधायचा, हे तिन्ही एकदम जमावं लागतं. ज्याला जमतं तो पुढच्या वर्षी पुन्हा येतो. ज्याला जमत नाही तो टीव्हीवरचं आपलं गाजलेलं वाक्य तीनदा म्हणतो. टाळ्या पहिल्यांदा कडकडून पडतात, दुसऱ्यांदा कमी. तिसऱ्यांदा मागून कुणीतरी म्हणतं, ‘समोर चाल ना भाऊ.’

भावाच्या खुनाच्या त्या नाटकातही त्या रात्री असा एक पाहुणा इन्स्पेक्टर होता. त्याची खरी एंट्री पाच वाजता. तोवर तीन गाणी, दोन लावण्या, एक लग्न, एक आत्महत्येचा प्रयत्न आणि विनोदी नोकराची भली मोठी फजिती होऊन गेली होती. पोरं तणसात झोपली होती. दव पडून कनाती ओल्या झाल्या होत्या. तो आला, टीव्हीतल्यासारखी टोपी काखेत, आणि दारावर हात ठेवून थांबला. दार म्हणजे लाकडी चौकटीवर ताणलेलं रंगवलेलं कापड. पहिल्या रांगेतलं एक पोरगं, जे मला झोपलेलं वाटत होतं, उठून बसलं आणि जोरात ओरडलं, ‘तोड ना!’ बांधीतले सगळे हसले. इन्स्पेक्टरही हसला, दोन पावलं मागे गेला, आणि नाटकात कुठेही लिहिलेली नव्हती ती लाथ त्याने घातली. कापड फाटलं, पाय आत अडकला. आतून खलनायकानेच हात देऊन त्याला सोडवलं आणि स्वतःचे दोन्ही हात बेड्यांसाठी पुढे केले. आडोशाला प्रॉम्प्टर पुढचं वाक्य शोधत पानं उलटत होता.